वळणापलीकडे कोण? सायकलवर अचानक भेटलेली जनावरं

पहाटचाक

मागच्या आठवड्यात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

पहाटे पावणेसहाची वेळ. घाट चढून झाला होता, उतार नुकता सुरू झाला होता, धुकं होतं. उतरतानाचं चौथं वळण दरडीला इतकं चिकटून आहे की पलीकडचं काहीच दिसत नाही. वळले आणि रस्त्याच्या मधोमध रानडुकरीण. तिच्या मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक घसरलं, सायकल आडवी व्हायला आली, कसाबसा एक पाय टेकला. थांबले तेव्हा आमच्यात जेमतेम दोन सायकली मावतील एवढं अंतर होतं.

तिच्या पाठीवरचे केस ताठ उभे राहिले होते. नाकातून जोरात फुस्स केलं तिने. माझा अंगठा घंटीवर होता. दाबावी की नको, काही कळेना. नाही दाबली. श्वाससुद्धा रोखून उभी राहिले. काही क्षणांनी ती वळली, खालच्या झुडपात शिरली आणि पिल्लं एकामागून एक तिच्या मागे गेली. नंतर बराच वेळ पॅडलवर पाय ठेववेना.

तर प्रश्न असा: घंटी वाजवायला हवी होती का? वळणाआधी, समोर दिसल्यावर, की मुळीच नको? आणि तुम्हाला सायकलवर कोण कोण भेटलंय, तेही सांगा. कुत्र्यापासून वाघापर्यंत कुणीही चालेल.

मडगार्ड

बापरे! वाचतानाच ब्रेक दाबले मी. ताई, पिल्लं किती होती?

पहाटचाक

मोजली नाहीत रे. पाच तरी असतील.

खडीवाट

वळणाआधीच वाजवायची, यात दुसरा विचारच नाही. वीस वर्षं लांब पल्ल्याची सायकल चालवतोय. मोटारीचा आवाज जनावराला लांबून कळतो, बैलगाडीचा कळतो, चालणाऱ्या माणसाची पावलंसुद्धा कळतात. सायकल मात्र वेगात येते आणि बिनआवाजी येते. जनावराच्या बाजूने बघा ना, आपण त्याच्यावर आभाळातून पडल्यासारखे येतो.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०१६ च्या जूनमध्ये माँटाना राज्यात, ग्लेशियर नॅशनल पार्कजवळच्या जंगलवाटेवर एक सायकलस्वार आंधळ्या वळणावरून वेगात गेला आणि थेट ग्रिझली अस्वलावर आदळला. अस्वल दिसणं आणि धडक यांच्यात जेमतेम एक-दोन सेकंद. तो वाचला नाही. अस्वल त्याच्या मागावर नव्हतं. दोघंही एकमेकांना नको तितके अचानक भेटले, एवढंच.

खुरतपासणी

खडीवाटकाका, वळणाआधी वाजवण्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण जनावर समोर उभं असताना घंटी वाजवू नये, असं मी एक पशुवैद्य म्हणून सांगेन. पहाटचाक, तुम्ही दाबली नाहीत ते फार बरं झालं.

रानडुकराची नजर बेताचीच असते. कान आणि नाक मात्र तिखट. धुक्यात तिला तुमची नीट ओळखच पटली नसेल. अशा वेळी अगदी जवळून कर्कश आवाज झाला तर दचकलेलं जनावर सुचेल त्या दिशेला पळतं, आणि ती दिशा तुमचीही असू शकते. त्यातून पिल्लं असलेली मादी. पिल्लं आणि आई यांच्या मधे जायचं नाही, त्यांची जायची वाट अडवायची नाही आणि आपण होऊन एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. जमलं तर सायकल आपल्या आणि तिच्या मधे आडवी धरायची. तुमच्याकडून नकळत बरंचसं बरोबरच झालं.

टाचणी

ब्रेकबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं गणित मांडते. जनावर दिसून हात ब्रेकवर घट्ट व्हायला साधारण एक सेकंद जातो असं धरा. कोरडा डांबरी रस्ता, बरे ब्रेक. ताशी २० किलोमीटर वेग असेल तर थांबेपर्यंत साडेनऊ मीटर लागतात. वेग ३५ असेल तर साडेएकवीस. म्हणजे वेग दुप्पट होण्याआधीच अंतर दुपटीच्या वर जातं. हेही सपाट रस्त्याचं. उतार, धुक्याची ओल आणि कडेची खडी धरली तर आणखी वाढवा.

याचा साधा अर्थ असा की वळणापलीकडे दहा मीटरच दिसत असेल तर २० च्या वर जायचंच नाही. घंटी विसरली तरी चालेल, हे विसरून चालणार नाही. आणि पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबू नका. वजन थोडं मागे न्या आणि दाब वाढवत न्या. मागचं चाक तुमचं घसरलं कारण ब्रेक लावताना वजन पुढे जातं आणि मागचं चाक हलकं होतं.

पहाटचाक

टाचणीताई, त्या वळणावर माझा वेग तिशीत होता. आता आकडे वाचून पोटात गोळा आला.

मडगार्ड

माझा अनुभव कुत्र्याचा. कामावर जायच्या रस्त्यावर एका गोदामाच्या फाटकाशी तांबूस रंगाचा एक कुत्रा असायचा. मी दिसलो की सुटायचाच. मी जीव खाऊन पॅडल मारायचो, तो पोटरीच्या रेषेत धावायचा आणि पुलाशी आला की थांबायचा. तीन महिने रोज. त्या तीन महिन्यांत पोटऱ्या मात्र दगडासारख्या झाल्या.

मग एके दिवशी चेन उतरली, तीही नेमकी त्याच फाटकासमोर. उतरावंच लागलं. तो भुंकत आला, पाच हातांवर थांबला, त्याचा आवाज बसला. मी चेन बसवत राहिलो. तो जवळ येऊन मागचं चाक हुंगून गेला. दुसऱ्या दिवसापासून मी फाटकाआधी उतरून चालत जायला लागलो. आठवडाभरात भुंकणं बंद. आता तो पुलापर्यंत माझ्या बाजूने दुडकत येतो. भुंकत नाही, शेपूट हलवत येतो. एखाद दिवस दिसला नाही तर मला चुकल्यासारखं होतं.

रात्रपाळी

मडगार्डा, शेवट वाचून फार बरं वाटलं.

खडीवाट

छान झालं, पण प्रत्येक कुत्रा असा भेटत नाही. माझा नियम: मोकळा रस्ता आणि उतार असेल तर सरळ निघून जायचं. कुत्रा आपली हद्द संपली की थांबतो.

खुरतपासणी

उतारावर ठीक आहे काका. पण सपाट रस्त्यावर किंवा चढावर बहुतेक कुत्री आपल्याला सहज गाठतात. आणि पळणाऱ्या गोष्टीमागे धावणं त्यांच्या अंगातच आहे. फिरणारी चाकं, वरखाली होणारे पाय, दोन्ही त्यांना खेचतात. चाकं थांबली की पुष्कळदा कुत्र्याला पुढे काय करायचं तेच सुचत नाही. मडगार्डच्या गोष्टीत नेमकं तेच झालं. उतरा, सायकल मधे धरा, खालच्या आवाजात ठाम बोला, डोळ्याला डोळा भिडवू नका आणि पाठ न दाखवता हळूहळू सरका. पाय वर घेऊन हँडल डुगडुगत ठेवण्यात सगळ्यात जास्त धोका आहे. चावण्याने होतात त्याहून मोठ्या जखमा तिथे पडल्याने होतात.

आणि चावलंच तर? हे जरा मोठ्याने सांगते. घरी जाऊन बघू, असं म्हणायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. मग त्याच दिवशी दवाखाना. नुसता ओरखडा असला, रक्त आलं नसलं, तरीही जायचं. फुटलेल्या कातडीवर नुसतं चाटलं असलं तरीही. रेबीजची लक्षणं बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, कधी आठवड्याभरात, कधी वर्षानेसुद्धा. एकदा ती दिसू लागली की जवळजवळ कुणीच वाचत नाही, आणि त्याआधी वेळेवर लस घेतली तर रोग होतच नाही. इतका सरळ हिशेब दुसऱ्या रोगात क्वचितच मिळेल. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिद्रव्यं, तेही लागतं. ते डॉक्टरांना विचारून घ्या. लशीच्या सगळ्या तारखा पाळा, एक टोचून सोडून देऊ नका.

संथगती

डॉक्टर, या प्रतिसादाची प्रत छापून मी सायकलच्या पिशवीत ठेवणार आहे.

कातरवेळ

कुत्रे आणि सायकल यांचं वैर जुनंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये सायकलस्वारांसाठी खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर निघालं होतं. नाव 'व्हेलो-डॉग'. त्यात तिखटाची भुकटी किंवा बुचाचा तुकडा भरलेली काडतुसंही मिळत, म्हणजे कुत्रा न मरता पळावा. सायकल लोकांच्या हातात येऊन फार वर्षं झाली नव्हती आणि एवढ्यात त्यासाठी वेगळं हत्यार बनवण्याइतका हा प्रश्न मोठा झाला होता!

शीळ

पाण्याच्या बाटलीची एक पिचकारी पुरते हो. बिचारी कुत्री.

घाटचढ

माझा अनुभव कुत्र्याहून लहान आणि कुत्र्याहून भयंकर. मधमाश्या.

चढ होता, वेग सात-आठ असेल. कडेच्या कड्याला मोठं मोहोळ लटकलेलं मी रोज बघायचो. त्या दिवशी कुणी धूर केला होता की ससाण्यासारख्या पक्ष्याने झडप घातली होती, माहीत नाही. पहिली माशी हेल्मेटच्या फटीतून आत आली आणि केसांत अडकली. मी थांबून हेल्मेट काढलं. चूक झाली. मानेवर, कानामागे, पापणीवर, एकामागून एक. मग सायकल वळवली आणि उतारावर सोडली. साधारण किलोमीटरभर खाली आल्यावर पिच्छा सुटला. सतरा काटे निघाले.

दवाखान्यात कळलं ते सांगतो. मधमाशीचा काटा कातडीत अडकतो आणि विषाची पिशवी त्याच्यासोबत मागे राहते. माशी गेली तरी पिशवी विष सोडत राहते. म्हणून काटा कसा काढायचा याचा विचार करत बसायचं नाही. नखाने, कार्डाने, चिमटीने, जसा निघेल तसा लगेच काढायचा. शिवाय डंखाबरोबर एक वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि तो इतर माश्यांना 'इथे डसा' असं सांगतो. म्हणून एका जागी उभं राहून माश्या झटकत बसू नये. चेहरा झाकून लांब जात राहायचं. बंद मोटार किंवा घर मिळालं तर आत शिरायचं. पाण्यात उडी मारू नये, त्या वर वाट बघत राहतात.

श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली, तर ताबडतोब रुग्णवाहिका. मला तसं झालं नाही. माझ्या भावाला पूर्वी एकाच डंखाने झालं होतं. म्हणून मी आता त्या कड्याखालून जातच नाही, तीन किलोमीटर वळसा घेतो.

टाचणी

घाटचढ, मधमाशी ताशी साधारण २४ किलोमीटरने उडते. म्हणून उतार तुमच्या कामी आला. चढावर सुटका नव्हती.

मडगार्ड

दादा, पापणीवर! कल्पनाही करवत नाही. माझ्या तोंडात एकदा किडा गेला तर मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होतो.

शीळ

चष्मा आणि मिटलेलं तोंड. संध्याकाळी तळ्याकाठच्या रस्त्यावर दोन्ही हवीतच.

आता माझी टिटवी. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खडीत, चार अंडी घालते आणि ती अंडी खड्यांसारखीच दिसतात. एका कच्च्या रस्त्याच्या कडेला असं घरटं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी ती डोक्यावरून ओरडत गेली. दुसऱ्या दिवशी सरळ चेहऱ्याकडे सूर मारला आणि अगदी शेवटच्या क्षणी वळली. लागली नाही. पण मी हँडल झटक्यात वळवलं आणि चाक भुसभुशीत मातीत रुतलं. कोपर सोललं. पडल्या पडल्या बघते तर हातभर अंतरावर ती चार अंडी. चाक आणखी जरा पुढे गेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आला आणि तिथेच रडू फुटलं. पुढचे तीन आठवडे मी तिथून सायकल हातात धरून, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालत गेले. एका सकाळी चार कापसाचे गोळे तिच्यामागे धावताना दिसले. इतका आनंद मला कुठल्याही शर्यतीत झालेला नाही.

ऑस्ट्रेलियात हेच मॅगपाय नावाचे पक्षी करतात, तेही वसंतात, पिल्लं असताना. सगळे करत नाहीत. दहा नरांमधला एखादाच. पण तो एखादा सायकलस्वार बरोबर ओळखून धरतो. लोक हेल्मेटवर डोळे रंगवतात, प्लॅस्टिकच्या पट्ट्या काट्यांसारख्या खोचतात. फारसा उपयोग होत नाही. उतरून चालत गेलं की मात्र बहुतेक वेळा पक्षी शांत होतो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये वुलोंगाँगजवळ वूनोना इथे ७६ वर्षांचे एक सायकलस्वार अशा पक्ष्याला चुकवताना रस्त्यावरून बाजूला गेले आणि कुंपणाच्या खांबावर आपटून गेले. चोच नव्हे, चुकवणं जिवावर बेतलं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पक्षी आला तर मान खाली घाला आणि हँडल सरळ ठेवा.

संथगती

'चुकवणं' यावरून मला लिहायचं आहे. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

झाडांनी झाकलेला सरळ रस्ता, वेग फार नव्हता. एक खार डावीकडून उजवीकडे निघाली. मला वाटलं ती पलीकडे जाणार, म्हणून मी डावीकडे झालो. मधोमध पोहोचल्यावर ती फिरली आणि आली त्याच वाटेने परत पळाली. पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गेली. मी पडलो नाही, मला काहीच झालं नाही. तिचं सांगवत नाही. मी तिला झाडाखाली ठेवलं आणि खूप वेळ तिथे बसलो. त्यानंतर दोन महिने सायकलला हात लावला नाही.

लोक म्हणतात, एक खारच होती. मला तसं म्हणता येत नाही.

खुरतपासणी

संथगती, तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलंत. खार अशीच पळते. घारीला किंवा मांजराला हुलकावणी द्यायला ती क्षणाक्षणाला दिशा बदलते. शिकाऱ्यापुढे ही युक्ती तिला वाचवते, चाकापुढे नाही. ती कुठे जाणार हे तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं. करता येतं ते एवढंच: दिसली की वेग कमी करायचा आणि रेषा सोडायची नाही. तुम्हाला ते तेव्हा माहीत नव्हतं.

कातरवेळ

आणि माहीत असूनही वेळ मिळेलच असं नाही. २००७ च्या टूर द फ्रान्समध्ये एक कुत्रा रस्त्यात आला. मार्कुस बुर्गहार्ट त्याच्यावर आदळला, पुढचं चाक घडी घातल्यासारखं मुडपलं. कुत्रा उठून चालत गेला. त्याच शर्यतीत पुढे सँडी काझारही एका कुत्र्यामुळे पडला, खरचटलेल्या अंगाने उठला आणि त्या दिवसाचा टप्पा जिंकला! जगातले सगळ्यात पट्टीचे सायकलस्वार, बंद केलेला रस्ता, दोन्ही बाजूंना माणसं. तरीही.

मडगार्ड

दक्षिण आफ्रिकेतलं ते लाल हरणासारखं जनावर पण आठवा. २०११ चं. गवताळ माळावर शर्यत चालली होती आणि बाजूने धावत आलेल्या हार्टबीस्टने उडी मारून सायकलस्वाराला उडवलं. मागच्या साथीदाराच्या कॅमेऱ्यात सगळं आलंय. हेल्मेट तडकलं, डोकं वाचलं. मी तो व्हिडिओ पाहिला त्याच दिवशी हेल्मेट घेतलं.

खडीवाट

माळावर नेहमी बाजूलाही बघत राहावं. आणि एक हरीण रस्ता ओलांडून गेलं की लगेच सुटायचं नाही. त्याच्या मागे दुसरं असतं. तिसरंही असतं. नजर गेलेल्याकडे नको, ते आलं त्या बाजूला हवी. हे मला एका भेकराने शिकवलं. पहिलं गेलं, मी निघालो, दुसरं माझ्या मागच्या चाकाला घासून गेलं.

रात्रपाळी

मी रात्री दीड-दोनला घरी परततो. रात्रीची जनावरं आधी डोळे म्हणून भेटतात. मांजर, हरीण, कुत्रा यांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो, दिव्याचा उजेड त्यावरून परततो. जोडी किती उंचीवर चमकते त्यावरून अंदाज येतो. गुडघ्याखाली असेल तर मी जात राहतो. कमरेच्या वर असेल तर थांबतो.

एका रात्री मात्र डोळे दिसलेच नाहीत. आवाज आला, खुळखुळ्यासारखा. दिवा फिरवला तर रस्त्याच्या कडेला साळिंदर, आणि त्याची पाठ माझ्याकडे. काटे सगळे फुललेले, शेपटीचे पोकळ काटे वाजत होते. लहानपणी ऐकलं होतं की साळिंदर काटे फेकून मारतं. ते खरं नाही. पण ते पाठ करून मागे मागे धावत येतं, हे खरं आहे, आणि ते फेकण्याहून वाईट. मी सायकल हळूहळू मागे घेतली. ते पण थांबलं. पाच मिनिटं आम्ही तसेच. मग ते डुलत डुलत निघून गेलं. रस्त्यावर एक काटा पडला होता, काळा-पांढरा, वीतभर. उचलून घरी आणला, मुलीच्या कंपासपेटीत आहे.

शीळ

किती सुंदर! अशा भेटीसाठी मी रात्रपाळी करायला तयार आहे.

नवी_चेन

सापाबद्दल कुणी सांगेल का? माझ्या रस्त्यावर पावसाळ्यात धामणी फार. घंटी वाजवली तर जातात का?

खुरतपासणी

घंटीवर विसंबू नका. सापाला बाहेरचे कान नसतात. त्याला जमिनीतून येणारी थरथर जास्त कळते. थांबा, अंतर ठेवा, जाऊ द्या. रस्त्यावर पडलेला साप मेलेला समजून जवळून जाऊ नका आणि त्याच्यावरून चाक तर अजिबात नेऊ नका. चाकात अडकून वर उसळू शकतो. धामण बिनविषारी आहे, पण चालत्या सायकलवरून ओळख पटवायच्या भानगडीत पडू नये.

घाटचढ

घोड्यांचं पण सांगा ना डॉक्टर. आमच्याकडे घोडेस्वारीचा तळ आहे, त्याच रस्त्याने जातो. एकदा मी मागून गेलो तर घोडा इतका उधळला की स्वार खाली. मला अजून अपराधी वाटतं.

खुरतपासणी

घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, ३५० अंशांपर्यंत. दिसत नाही ते नेमकं शेपटीमागचं आणि कपाळापुढचं थोडंसं. तुम्ही त्याच न दिसणाऱ्या पट्ट्यातून, बिनआवाजी आणि वेगात आलात. जंगलात असं मागून येणारं जनावर म्हणजे शिकारी, त्यामुळे त्याने उधळायचंच होतं. इथे घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा. लांबूनच स्वाराला हाक द्या, "मागून सायकल येतेय, जाऊ का?" बोलत राहा. बोलणारी वस्तू म्हणजे माणूस, हे घोड्याला ठाऊक असतं. मग वेग कमी करून लांबून वळसा घालून जा.

गुरांच्या कळपातही तेच. आणि एखादी गाय आडवी चालत असेल तर तिच्या शेपटीच्या बाजूने जा. तोंडाच्या बाजूने गेलात तर ती पुढे पाऊल टाकणार.

शीळ

मूळ प्रश्नाकडे येऊन थोडं वेगळं मत मांडते. जंगलाच्या रस्त्याने पूर्ण वेळ घंटी वाजवत जाणं मला पटत नाही. ते आपलं घर नाही. पहाट आणि तिन्हीसांजा हीच त्यांची चरायची, पाण्यावर जायची वेळ. आपण तास-दीड तास उशिरा निघालो तर निम्म्या भेटी टळतील.

पहाटचाक

शीळ, मुद्दा पटतो. पण आठनंतर त्या घाटात ट्रक सुरू होतात आणि मला रानडुकरापेक्षा ट्रकची भीती जास्त आहे.

खडीवाट

ट्रकचा मुद्दा मान्य करावाच लागेल. आणि शीळ, अखंड नाही म्हणत मी. फक्त जिथे पुढचं दिसत नाही तिथे. दोन टणत्कार, बस.

टाचणी

तेही पुरेसं लांबून. जनावराला ऐकून, विचार करून, पिल्लं गोळा करून जायला वेळ हवा. वळणाच्या तोंडाशी वाजवलेली घंटी समोर वाजवल्यासारखीच.

कातरवेळ

घंटीऐवजी मी वळणाआधी मोठ्याने बोलतो. काहीही. पाढे म्हणतो. एकोणतीसचा पाढा आता पक्का झालाय.

पहाटचाक

सगळ्यांचे आभार. आज पुन्हा गेले होते, म्हणून लगेच लिहिते.

उजाडायला आलं होतं, धुकं कमी होतं. तिसऱ्या वळणानंतरच वेग पंधरावर आणला. चौथ्या वळणाच्या पन्नासेक पावलं आधी दोनदा घंटी वाजवली, मग उतरले आणि चालत, बोलत पुढे गेले. पाढे काही आठवेनात, म्हणून आईशी फोनवर बोलते तसं बोलले, "आले गं, आलेच, हळू येतेय." वळणाशी पोहोचायच्या आत वरच्या झुडपात खसफस झाली. थांबले. सायकल आडवी धरली.

ती खाली रस्त्यावर आली, माझ्यापासून चांगली तीस-पस्तीस पावलं लांब. माझ्याकडे तोंड करून नाक वर केलं, हुंगलं. या वेळी पाठीचे केस उभे राहिले नाहीत. मग रस्ता ओलांडून पलीकडे गेली, एकदाही न धावता. मी लगेच निघाले नाही, खडीवाटकाकांचं वाक्य आठवलं. एक पिल्लू मागे राहिलं होतं. ते आलं, रस्त्याच्या मधोमध थांबलं, माझ्या चाकाकडे बघितलं आणि मग आईमागे पळालं.

मडगार्ड, पिल्लं सहा आहेत. आज नीट मोजली.